सातबाऱ्यावर चढलेलं जनुक

वाचकांचे प्रश्न. उत्तरं : एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून ३२ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. १९७४ साली माझ्या थोरल्या भावाला मुदतीचा ताप आला होता. गावच्या डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिनच्या, म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलच्या, कॅप्सूल दिल्या आणि पाचव्या दिवशी ताप उतरला. १९९१ मध्ये माझ्या मुलीला तोच आजार झाला, तेव्हा त्याच औषधाने काडीचाही फरक पडला नाही. शेवटी सिप्रोच्या गोळ्यांनी गुण आला. यंदा नातवाला टायफॉइड झाला. त्याच्या ब्लड कल्चरच्या रिपोर्टात क्लोरॅम्फेनिकॉलपुढे ‘एस’ (औषध लागू पडतं) आहे आणि सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’ (जिवाणू दाद देत नाही). हातचं गेलेलं औषध परत कसं आलं? माझा पुतण्या बी.एस्सी.ला आहे. तो म्हणतो, “काका, ते जनुक प्लास्मिडवर होतं म्हणून गेलं. गुणसूत्रावर चढलं असतं तर गेलं नसतं.” हे मला समजेल अशा भाषेत सांगाल का? रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
— एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : झेरॉक्स मी टेबलावरच्या दिव्याखाली धरून दोनदा वाचली. एकाच घरातले तीन ताप, आणि दर वेळी जिवाणू वेगळा वागलेला. नोकरीत रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या रोज हातात असायच्या, पण साल-तारखेसकट असा कौटुंबिक इतिहास कुणी समोर ठेवला नव्हता. पुतण्याला माझा आशीर्वाद सांगा. त्याचं म्हणणं बरोबर आहे. फक्त ‘चढलं असतं तर’ मधला तो ‘तर’ आता काढून टाकायला हवा. तसं घडून गेलंय, आणि आपल्या शेजारीच घडलंय. तिथवर येते, पण थोडं मागून सुरुवात करू.

क्लोरॅम्फेनिकॉल १९४७ मध्ये व्हेनेझुएलाच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूपासून मिळालं आणि पुढच्याच वर्षी मलायात टायफॉइडच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. तोवर मुदतीचा ताप म्हणजे मुदत भरेपर्यंत उशाशी बसून राहायचं. तीन आठवडे, चार आठवडे. या औषधाने ती मुदतच मोडली. पुढे १९७२ मध्ये केरळात कोझिकोडला आणि तिकडे मेक्सिकोत या औषधाला दाद न देणारा टायफॉइड पसरला. कोझिकोडच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवून दिली : दाद न देण्याची ही ताकद त्या जिवाणूकडून दुसऱ्या जिवाणूकडे जाऊ शकते. तुमच्या भावाच्या अंगातला जिवाणू अजून जुन्या वळणाचा होता. मुलीच्या वेळेपर्यंत, म्हणजे १९९० च्या आसपास, क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल या तिन्हींना पुरून उरणारा टायफॉइड आपल्या देशात जागोजागी दिसू लागला होता.

तिन्हींना एकदम कसा? कारण तिन्ही औषधांवरचे तोडगे एकाच प्लास्मिडवर बसून आले होते.

टायफॉइडच्या जिवाणूचं गुणसूत्र म्हणजे सुमारे ४८ लाख अक्षरांचं एक कडं. जगायला जे काही लागतं, ते त्यावर लिहिलेलं असतं. प्लास्मिड म्हणजे त्याच पेशीत वेगळं नांदणारं छोटं कडं. १९९३ मध्ये व्हिएतनाममधल्या एका आजारी मुलाकडून मिळालेल्या सीटी१८ या जिवाणूचा अख्खा मजकूर २००१ मध्ये वाचून झाला. त्यात औषधांना तोंड देणारं प्लास्मिड २ लाख १८ हजार अक्षरांचं निघालं. छोटं म्हणायचं, पण एवढं लिखाण दर पिढीला उतरवून काढायचं म्हणजे पेशीला भुर्दंडच.

बार्शीकडच्या माणसाला सातबारा समजावून सांगायला नको. गुणसूत्रावरचं जनुक म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलेली जमीन. पिढी बदलली की वारसाची नोंद आपोआप होते. प्लास्मिडवरचं जनुक म्हणजे खंडाने कसायला घेतलेलं रान. पीक तेच येतं, पण परवडेनासं झालं की रान सुटतं. आणि आज एकाकडे असलेलं रान उद्या शेजाऱ्याकडे जातं, तसं प्लास्मिड एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातं. फरक इतकाच की देणाऱ्याकडेही त्याची प्रत राहते.

मी हे वाचून शिकले होते, पण डोळ्यांनी पाहिलं ते १९९० च्या डिसेंबरात, मिरजेला. वॉर्डातून आलेला टायफॉइडचा जिवाणू होता, तिन्ही औषधांना न जुमानणारा. त्याचं प्लास्मिड दुसऱ्याला देता येतं का, हे पाहायचं होतं. घेणारा म्हणून प्रयोगशाळेतला ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचा एक निरुपद्रवी वाण घेतला. तो नॅलिडिक्सिक अॅसिडला दाद देत नसे, पण क्लोरॅम्फेनिकॉलने मरायचा. आमच्या टायफॉइडच्या जिवाणूचं नेमकं उलटं. दोन्ही औषधं घातलेल्या मॅकॉन्कीच्या (जिवाणू वाढवायच्या एका खाद्याच्या) प्लेटवर एकटा कुणीच जगणार नाही. जगेल तो फक्त असा ई. कोलाय, ज्याला टायफॉइडकडून प्लास्मिड मिळालंय. शिवाय ई. कोलायची वसाहत मॅकॉन्कीवर गुलाबी दिसते आणि टायफॉइडची पांढुरकी, त्यामुळे ओळखण्यातही घोटाळा नाही.

दोघांना एका नळीत घालून नेहमीसारखं ३७ अंशांना ठेवलं. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. तीनदा केलं, तीनदा कोरी. चौथ्या वेळी संध्याकाळी वीज गेली ती आलीच नाही. इन्क्युबेटर गार पडलेला. नळ्या टेबलावरच्या स्टँडमध्ये तशाच ठेवून आम्ही घरी गेलो. टाकून द्यायच्या त्या सकाळी केवळ चिकाटी म्हणून पेरल्या. त्याच्या पुढच्या सकाळी माझी विद्यार्थिनी प्लेट हातात घेऊन धावतच आली. गडद गुलाबी ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. आम्ही चाळीसपर्यंत मोजले.

कारण नंतर वाचनात आलं. टायफॉइडमधली ही प्लास्मिडं ज्या घराण्यातली आहेत, त्या एचआय१ घराण्याची देवाणघेवाण साधारण २२ ते ३० अंशांना जोरात चालते आणि ३७ अंशांना जवळजवळ थांबते. म्हणजे माणसाच्या अंगाच्या उबेत नव्हे, तर बाहेर. ओढ्यात, गटारात, सांडपाण्यात. डिसेंबरातलं आमचं टेबल त्या प्लास्मिडाला मानवलं. तेव्हापासून उघड्या गटाराशेजारून जाणारी पाण्याची नळी दिसली की मला ते गुलाबी ठिपके दिसतात.

आता रान सुटतं कसं, ते. पुढच्या वर्षी आम्ही लघवीच्या नमुन्यांतून मिळालेले ई. कोलायचे काही वाण घेतले आणि अॅक्रिडिन ऑरेंज घातलेल्या ब्रॉथमध्ये वाढवले. या रंगाने काही प्लास्मिडांची प्रत निघणं अडतं आणि पेशी दुभंगली की नव्या पेशींच्या वाट्याला ती येत नाहीत. मग कोणत्या वसाहतीने प्लास्मिड गमावलं ते शोधायचं. त्यासाठी लेडरबर्ग दांपत्याची १९५२ सालची मखमलीची युक्ती वापरली. शिंप्याकडून आणलेला काळ्या मखमलीचा तुकडा, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवलेला. त्यावर प्लेट अलगद टेकवायची की दोनशे वसाहतींचा ठसा उमटतो. तोच ठसा आधी औषधाच्या आणि मग साध्या प्लेटवर. साध्या प्लेटवर जिथे ठिपका आहे आणि औषधाच्या प्लेटवर जिथे जागा रिकामी आहे, तिथे प्लास्मिड गेलं. बहुतेक वाणांत अशा रिकाम्या जागा मिळाल्या. एका वाणात सहाशे वसाहती तपासूनही एकसुद्धा मिळाली नाही. त्याने आपली ताकद दुसऱ्याला दिलीही नाही, ना ३७ अंशांना, ना टेबलावर. शेवटी त्याचा डीएनए काढून जेलवर चालवला, म्हणजे लहानमोठी कडी वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात. बाकीच्यांत प्लास्मिडाची पट्टी दिसली, याच्यात फक्त गुणसूत्राचा धूसर पट्टा. जनुक सातबाऱ्यावर चढलं होतं.

कसं चढतं? पूर्वी असं समजत की जनुकाची जागा कायमची ठरलेली असते. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्यात पाहिलं की काही तुकडे जागा बदलतात. त्याची कदर व्हायला १९८३ चं नोबेल उजाडावं लागलं. जिवाणूंच्या बाबतीत १९७४ मध्ये लंडनमध्ये हेजेस आणि जेकब यांनी दाखवलं की अँपिसिलिनला न जुमानणारं जनुक आरपी४ या प्लास्मिडावरून उचललं जाऊन दुसऱ्या कड्यांवर जाऊन बसतं. अशा तुकड्याला त्यांनी ट्रान्सपोझॉन हे नाव दिलं. अशा बऱ्याच ट्रान्सपोझॉनांत जनुकाच्या दोन्ही बाजूंना ‘इन्सर्शन सिक्वेन्स’ नावाचे छोटे तुकडे असतात. त्यांच्याकडे कापून दुसरीकडे चिकटवणारं स्वतःचं एन्झाइम असतं. दोन्ही टोकांनी धरून मधला माल ते उचलून नेतात, आणि मधे तीन-चार औषधांची जनुकं असली तर तीही सगळी एकाच फेरीत जातात.

दुसरी वाट अशी की अख्खं प्लास्मिडच गुणसूत्रात मिसळून जातं. दोन्ही कड्यांवर सारखाच मजकूर असलेली एखादी जागा असली की तिथे ती एकमेकांत विरघळून एकच मोठं कडं होतं. ई. कोलायच्या एफ प्लास्मिडाचं हे १९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं. मग ते प्लास्मिड दुसऱ्या पेशीत जायला निघालं की अख्खं गुणसूत्र मागे ओढत नेतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वोलमन आणि जाकॉब दर काही मिनिटांनी नमुना घेत, मिक्सरमध्ये फिरवून एकमेकींना चिकटलेल्या देणाऱ्या-घेणाऱ्या पेशींच्या जोड्या सोडवत आणि तेवढ्या वेळात कोणती जनुकं पलीकडे पोचली ते पाहत. सगळं गुणसूत्र जायला शंभरेक मिनिटं लागतात. जनुकांचा नकाशा मिनिटांत आखण्याची पद्धत तिथूनच पडली.

आता शेजाऱ्याबद्दल. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत, टायफॉइडची मोठी साथ सुरू झाली. २०१८ मध्ये त्या जिवाणूचा मजकूर वाचून प्रसिद्ध झाला. १९९१ मध्ये तुमच्या मुलीला छळणाऱ्या तिन्ही औषधांवरचे तोडगे त्यात होते, पण प्लास्मिडवर नव्हते, गुणसूत्रात बसलेले होते. आणि प्लास्मिडाची जागा मोकळी झाली म्हणा किंवा काही म्हणा, तिथे दुसरंच प्लास्मिड आलं होतं. ई. कोलायमध्ये सापडणाऱ्या प्लास्मिडाशी त्याचं साम्य होतं आणि त्यावर सेफ्ट्रिअॅक्झोनसारखी इंजेक्शनं निकामी करणारं सीटीएक्स-एम-१५ हे जनुक होतं. तोंडावाटे घ्यायच्या औषधांत अझिथ्रोमायसिनच काय ते हाताशी राहिलं. मी हे वाचलं तेव्हा निवृत्त झाले होते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. आपल्याकडे १९९० नंतर डॉक्टर सिप्रोकडे वळले आणि क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर उतरला. औषधाचा मारा नसला की भुर्दंड सोसत प्लास्मिड बाळगणाऱ्यापेक्षा प्लास्मिड नसलेला भाऊबंद पुढे सरकतो. हळूहळू तेच जास्त झाले आणि नातवाच्या रिपोर्टात ‘एस’ आला. सिप्रोचा ‘आर’ मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो कुणाकडून आलेला नाही. गुणसूत्रावरच्या जायरेज या जनुकात एखाद्या अक्षराचा बदल झाला की सिप्रोची पकड सुटते. सातबारा पहिल्यापासून त्याच्याच नावे. आणि यातल्या काही बदलांचा जिवाणूला औषध नसतानाही तोटा होत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलंय. त्यामुळे सिप्रो काही वर्षं बंद ठेवलं तर तेही असंच परत येईल, या आशेवर मी राहणार नाही.

‘एस’ आहे म्हणून क्लोरॅम्फेनिकॉलच मागू नका. क्वचित का होईना, या औषधाने अस्थिमज्जेतलं रक्त तयार होणं बंद पडतं. नातवासाठी काय द्यायचं ते त्याच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या आणि औषधाचे दिवस पुरे करा. बरा झाला की त्यांच्याकडे टायफॉइडच्या कॉन्ज्युगेट लसीची चौकशी करा. आपल्याच देशात तयार होते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये एक लाखाहून जास्त मुलांना ती मोहीम काढून दिली होती. लस घेतलेल्या मुलाच्या बाबतीत जनुक कुठे बसलंय हा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात निघतो.

प्रश्न : जनुकं प्लास्मिडवरून गुणसूत्रावर जातात हे कळलं. उलट, गुणसूत्रावरून प्लास्मिडवर येतात का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : येतात, आणि दवाखान्यातल्या निम्म्या डोकेदुखीचं मूळ तिथे आहे असं माझं मत आहे. वर सिंधच्या साथीत आलेलं सीटीएक्स-एम घराणंच घे. क्लुयव्हेरा नावाचा एक जिवाणू आहे, कुणाच्या फारसा वाटेला न जाणारा. त्याच्या गुणसूत्रावर या घराण्याचे पूर्वज निवांत बसलेले होते. आयएसईसीपी१ नावाचा तुकडा त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने ते उचलून प्लास्मिडवर नेले. नुसतं उचललं नाही, तर जनुक जोरात चालू करणारी कळही हा तुकडाच सोबत देतो. घरी गप्प असलेलं जनुक बाहेर पडल्यावर त्यामुळे मोठ्या आवाजात बोलायला लागतं. सीटीएक्स-एम-१५ पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९९९ मध्ये दिल्लीत मिळालेल्या जिवाणूंत. आता ते जगभर आहे, आणि काही ई. कोलाय व क्लेबसिएला या जिवाणूंमध्ये पुन्हा गुणसूत्रावर बसलेलं सापडतं. म्हणजे एकाच्या सातबाऱ्यावरून उठून, खंडाच्या रानातून फिरत, तिसऱ्याच्याच सातबाऱ्यावर. ऑक्सा-४८ हे औषधं निकामी करणारं जनुकही असंच पाण्यात राहणाऱ्या शेवानेलाच्या गुणसूत्रावरून निघालं आणि २००१ मध्ये इस्तंबूलच्या रुग्णाकडून आलेल्या क्लेबसिएलात प्लास्मिडवर बसलेलं नोंदलं गेलं.

तू अभ्यासक्रमात एफ-प्राइम शिकली असशील. गुणसूत्रात मिसळलेलं एफ प्लास्मिड परत बाहेर पडताना कापणी चुकते आणि शेजारचं लॅक (दुधातली साखर पचवायचं) जनुक सोबत येतं. ते आणि हे तत्त्वाने जवळचंच. परीक्षेत एवढं लिही आणि एक आकृती काढ. दोन्ही कड्यांवर बाणाची दिशा नीट दाखव, मुलं तिथेच मार्क घालवतात.

प्रश्न : दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंतही प्लास्मिड असतात का? ते खाण्यात आलेले चालतात का?
— एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : असतात, आणि खुशाल खा. दह्यातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूच्या बऱ्याच वाणांत दुधातली साखर पचवायचं जनुकच प्लास्मिडवर असतं. दूध आंबवण्यावरच ज्याचं पोट, त्याचं मुख्य हत्यार खंडाचं! अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात लॅरी मॅके यांनी १९७० च्या दशकात हे शोधलं. चीज करणाऱ्यांची जुनी तक्रार होती की चांगलं विरजण मधेच मंद पडतं. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक निघालं : प्लास्मिड गळून गेलेल्या पेशी वाढलेल्या असतात. मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक एका विषाणूच्या मदतीने गुणसूत्रावर नेऊन बसवलं आणि मग ते गळायचं थांबलं. टायफॉइडमध्ये ज्या गोष्टीने माझी झोप उडवली, तीच गोष्ट इथे माणसाने मुद्दाम घडवून आणली.

तुमच्या घरच्या विरजणाला एवढं काही करायला नको. साध्या ग्लुकोजच्या ब्रॉथवर हे जिवाणू वाढवत राहिलं तर प्लास्मिड गमावलेले मजेत जगतात. दुधात त्यांची उपासमार होते आणि प्लास्मिडवालेच पुढे जातात. तुम्ही रोज चमचाभर दही कोमट दुधात घालता, तेव्हा ती निवड आपोआप होत असते. गावाला जाताना विरजण शेजारणीकडे ठेवलंत, तर तिला एक दिवसाआड ताज्या दुधाला लावायला सांगा.